त्याच त्या चार माणसांबद्दल : ‘चिकित्सक’ यांना उत्तर

नमस्कार चिकित्सक,

खरं नाव दिलं नाहीत, हरकत नाही. पण एवढी मन लावून लिहिलेली प्रतिक्रिया ‘धन्यवाद, मुद्दा लक्षात आला’ म्हणून वाटेला लावणं मला जमेना. म्हणून उत्तराची वेगळी पोस्टच टाकते आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी : सालसा, सोन, मेरेंगे, बाचाता अशा कॅरिबियन बाजूच्या नाचत्या संगीताला ग्रॅमीत दरवर्षी एक पुरस्कार असतो, ‘बेस्ट ट्रॉपिकल लॅटिन अल्बम’. त्याच्या विजेत्यांची यादी समोर ठेवून मी लिहिलं होतं. त्यावर चिकित्सकांचे आक्षेप असे. ‘ट्रॉपिकल’ ही अमेरिकन कंपन्यांनी केलेली टोपली आहे आणि तिच्यात दहा देशांचं संगीत कोंबलेलं आहे. पुरस्कार ‘त्याच त्या चार माणसांना आलटून पालटून’ जातो. क्युबन म्हाताऱ्यांनी गायचं आणि बक्षीस घेऊन जायचं अमेरिकन गिटारवादक राय कूडरने, याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. आणि शेवटचं, जरा झोंबलेलं : ‘मराठी वाचकाला याचं काय? गाणी ऐकवा, बक्षिसांची वही कशाला उघडता?’ शिवाय दोन दुरुस्त्या सुचवल्या आहेत.

दुरुस्त्यांपासून सुरुवात करते, कारण त्यातली एक शंभर टक्के माझी चूक आहे. पहिला ट्रॉपिकल पुरस्कार १९७६ साली न्यूयॉर्कचा पियानोवाला एडी पाल्मिएरी याला मिळाला, असं मी लिहिलं. १९७६ साली पाल्मिएरीला मिळालेला पुरस्कार ‘बेस्ट लॅटिन रेकॉर्डिंग’ होता. तेव्हा लॅटिन म्हणून जे काही असेल त्या सगळ्याला मिळून एकच पुरस्कार होता. तो फोडून त्याचे तीन भाग केले ते १९८४ साली : लॅटिन पॉप, ट्रॉपिकल आणि मेक्सिकन-अमेरिकन. त्या वर्षीचा ट्रॉपिकल न्यूयॉर्कचाच तालवादक टिटो पुएंते याला ‘ऑन ब्रॉडवे’साठी मिळाला. म्हणजे पहिला तो. मूळ लेखात बदल केला आहे.

दुसरी दुरुस्ती मात्र स्वीकारत नाही. पनामाचा सालसा गायक रुबेन ब्लेड्स, त्याचं आडनाव ‘ब्लेड्स’ नव्हे ‘ब्लादेस’ हवं, असं तुम्ही म्हणता. स्पॅनिश वाचनाच्या नियमाने बरोबर आहे. पण रुबेनचे आजोबा सेंट ल्युशिया बेटावरचे, आडनाव तिकडून इंग्रजी उच्चारासकट आलेलं. घरात आणि पनामात ते ‘ब्लेड्स’च आहे. घरचे म्हणतात तसं आपण म्हणावं, एवढंच.

आता टोपली. तुमचा राग समजतो. क्युबाचं सोन, डोमिनिकन रिपब्लिकचं मेरेंगे, कोलंबियाचं वायेनातो, न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन पोरांनी वाजवलेला सालसा, या सगळ्यांना एकत्र बांधणारा धागा कुठला, तर तिकडे ऊन फार! संगीताचं वर्गीकरण हवामानावरून करायचं ठरवलं तर आपल्या लावणीला ‘पर्जन्यछायेतलं गायन’ म्हणावं लागेल. पण हा शब्द फक्त अमेरिकनांनी लादला असं म्हणणं अर्धंच खरं आहे. कोलंबियात आणि मेक्सिकोत लोक स्वतःच ‘मुसिका त्रोपिकाल’ म्हणतात, कुठलाही कमीपणा न मानता. आणि तुम्ही ज्या ‘सालसा’ला अस्सल, लोकांचा शब्द समजता, तो तरी कुठून लोकप्रिय झाला? न्यूयॉर्कच्या फानिया या रेकॉर्ड कंपनीने तो जगभर विकला. ही कंपनी १९६४ साली जॉनी पाचेको हा डोमिनिकन संगीतकार आणि जेरी मासुच्ची हा वकील या दोघांनी काढली. टिटो पुएंतेला तर तो शब्द अजिबात आवडायचा नाही. सालसा ही खायची गोष्ट आहे, आपण वाजवतो ते मांबो नि चा-चा-चा, असं तो उघड सांगत असे.

आपल्याकडचं ‘सुगम संगीत’ तरी काय आहे? आकाशवाणीच्या फॉर्मवर एक रकाना हवा होता. त्या रकान्यात भावगीत, भक्तिगीत, गझल सगळं बसलं आणि आता आपण तो शब्द आजी-आजोबांपासून चालत आल्यासारखा वापरतो. रकाने असेच तयार होतात. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही. पण रकाना कारकुनी आहे म्हणून त्यात लिहिलेली नावंही खोटी, असं होत नाही. शिवाय टोपलीत सगळं एकत्र नांदत नाही हे त्या ग्रॅमीवाल्यांनाही कळलं असावं. २००० साली त्यांनी ‘पारंपरिक ट्रॉपिकल’ वेगळं काढलं आणि सालसा-मेरेंग्याला स्वतंत्र जागा दिली. काही वर्षांनी पुन्हा दोन्ही एकत्र केलं.

‘त्याच त्या चार माणसांना.’ इथे मी जरा थांबणार आहे, कारण या एका वाक्यामुळेच मी उत्तर लिहायला बसले.

वरवर पाहिलं तर तुमचं म्हणणं सिद्ध व्हायला वेळ लागत नाही. ब्लेड्स १९८७, १९८९, १९९७. मग २०१६, २०१८, २०२२, २०२४. त्यातला २०२४चा तर ‘सिएम्ब्रा’ या त्याच्या जुन्या अल्बमच्या ४५ वर्षांनिमित्त केलेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आहे, म्हणजे १९७८ सालची गाणी २०२२ साली पोर्तो रिकोत पुन्हा गायली आणि २०२४ साली बक्षीस मिळालं. पुएंते १९८४, १९८६, १९९१, २०००. पाल्मिएरी १९८५, १९८६, १९८८. (१९८६ साली पुएंते आणि पाल्मिएरी दोघांना समान मतं पडली आणि पुरस्कार विभागून गेला. ते वर्ष तर तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून फ्रेम करून ठेवावं.) मतं देतात ते ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीचे सभासद, म्हणजे स्वतः वाजवणारे, ध्वनिमुद्रण करणारे, निर्माते. त्यातल्या कितीजणांनी त्या वर्षीचे सगळे सालसा अल्बम ऐकले असतील? माहितीचं नाव दिसलं की खूण केली जाते. मान्य.

मान्य करताना आणखी थोडं तुमच्या पारड्यात टाकते. मेरेंगेवाले आणि बाचातावाले या यादीत हुडकून काढावे लागतात. हुआन लुइस गेर्राचा ‘बाचाता रोसा’ १९९२ साली जिंकला. तोवर डोमिनिकन रिपब्लिकमध्येच बाचाता म्हणजे गुत्त्यातलं, मोलकऱ्या आणि हमालांचं गाणं मानलं जायचं, घरंदाज लोक लावायचे नाहीत. गेर्रा बॉस्टनच्या बर्कली कॉलेजात शिकून आलेला, त्याने त्याला सुटाबुटात बसवलं तेव्हा ते दिवाणखान्यात आलं. पण त्यानंतर बाचाताने अख्खं जग नाचवलं आणि या यादीत मात्र रोमिओ सांतोसचं नाव सापडत नाही. बायकांचीही तीच गत : सेलिया क्रूस, लिंडा रॉन्स्टॅट, ग्लोरिया एस्तेफान, एमे नुव्हिओला... हाताची बोटं पुरतात.

पण एक वर्ष तुम्ही वगळलंत. २०१४. त्या वर्षी नामांकनांत मार्क अँथनी होता, कार्लोस व्हिव्हेस होता, आणि बक्षीस मिळालं सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पॅसिफिक मांबो ऑर्केस्ट्रा’ला. मोठी कंपनी पाठीशी नाही, इंटरनेटवर वर्गणी जमवून पहिला अल्बम काढलेला. बॅंडचे म्होरके दोन : एक मेक्सिकन पियानोवाला, एक जर्मन ट्रंपेटवाला. जर्मन! तुमच्या चार माणसांत तो कुठे बसतो, सांगा.

असो. मला खरं तर वेगळंच सांगायचं आहे. ही यादी गुणवत्तेचा क्रम म्हणून वाचली की तुमच्यासारखी चिडचिड होते, माझीही व्हायची. पण तिच्यातली नावं नात्यांनी जोडून बघा. कोण कुठे राहत होता, कुणाला कुठे जायची परवानगी होती, ते शेजारी लिहा.

इस्राएल लोपेस ऊर्फ काचाओ. हवानाचा डबल बासवाला. त्याने आणि त्याचा भाऊ ओरेस्तेस याने १९३०च्या दशकात दान्सोन या जुन्या नाचाच्या शेवटच्या भागात जी मोकळीक घेतली, तिच्यातून मांबो आला. क्रांतीनंतर १९६२ साली काचाओ देश सोडून गेला. पुढे मायामीत तो लग्नांत, बारशांत वाजवत होता. अभिनेता अँडी गार्सियाने त्याला पुन्हा स्टुडिओत नेलं आणि १९९५ साली ट्रॉपिकल ग्रॅमी मिळाला तेव्हा काचाओ ७६ वर्षांचा होता. भाऊ ओरेस्तेस क्युबात राहिला. त्याचा मुलगा ओर्लान्दो, त्याला सगळे काचाइतो म्हणायचे, म्हणजे ‘छोटा काचाओ’. तोही बासवालाच. १९९८ साली जिंकलेल्या ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ या हवानातल्या म्हाताऱ्यांच्या अल्बममध्ये जो बास ऐकू येतो, तो या पुतण्याचा. काका-पुतणे म्हटलं की आपल्याकडे लोकांना भलतंच आठवतं. इथे भांडण त्यांचं नव्हतं, दोन सरकारांचं होतं. तीन वर्षांच्या अंतराने एकाच यादीत काका आणि पुतण्या, एक मायामीतून, एक हवानातून.

बेबो व्हाल्देस. हवानाच्या त्रोपिकाना क्लबातला पियानोवाला. १९६० साली क्युबा सोडली, स्वीडनला गेला, तिथेच लग्न केलं आणि कित्येक वर्षं स्टॉकहोमच्या हॉटेलांत पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी पियानो वाजवला. मुलगा चुचो मागे हवानात राहिला, मोठा झाला, इराकेरे नावाचा बॅंड काढला. त्या बॅंडला १९८० साली ग्रॅमी मिळाला, तुमच्या दुरुस्तीमुळे वर आलेल्या त्याच जुन्या ‘लॅटिन रेकॉर्डिंग’ विभागात. बापाचा नंबर लागला २००३ साली, मग २००६ साली, पारंपरिक ट्रॉपिकलमध्ये. मुलगा आधी, बाप तेवीस वर्षांनी. एका घराचं वंशावळीतलं पान असं उलटं लिहिलं गेलं.

आणि २००४ची रात्र. ८ फेब्रुवारी, लॉस एंजेलिस. पारंपरिक ट्रॉपिकलचा पुरस्कार इब्राहिम फेररला, ‘बुएनोस एर्मानोस’साठी. तो समारंभात नव्हता. अमेरिकेने व्हिसा नाकारला होता. देशाच्या हिताला बाधक असं एक कलम आहे, त्याखाली. सत्तरी ओलांडलेला, हवानात एके काळी बूटपॉलिश करून पोट भरलेला गायक. त्याच रात्री सालसा-मेरेंगेचा पुरस्कार सेलिया क्रूसला. तीही नव्हती, २००३च्या जुलैमध्ये गेली होती. सेलियाने १९६० साली क्युबा सोडली. १९६२ साली आई वारली तेव्हा क्युबन सरकारने तिला अंत्यविधीलाही येऊ दिलं नाही. १९९० साली ग्वांतानामोच्या अमेरिकन तळावर तिचा कार्यक्रम झाला. तळ क्युबाच्याच जमिनीवर. तिने कुंपणाजवळची मूठभर माती पिशवीत भरून घेतली. ती माती पुढे तिच्या शवपेटीत ठेवली.

एकाला अमेरिकेने आत येऊ दिलं नाही, दुसरीला क्युबाने. क्युबाचा किनारा आणि फ्लोरिडाचं टोक यांत दीडशे किलोमीटर आहेत, पुण्याहून मुंबईला जाण्याइतकं. ही दोन नावं त्या वर्षीच्या यादीत वरखाली छापली आहेत आणि तुम्ही त्यावरून ‘तेच ते’ म्हणून पुढे गेलात. आधी मीही गेले होते.

राय कूडरबद्दल. इथे तुम्ही मला पकडलंत. १९९८च्या नोंदीत नाव त्याचंच आहे, आणि माझ्या लेखात मी सरळ ‘बुएना व्हिस्ता जिंकला’ एवढंच लिहून मोकळी झाले. ते सोयीचं होतं. खरी हकीकत अशी की मार्च १९९६मध्ये हवानाच्या एग्रेम स्टुडिओत आफ्रिकेतल्या माली देशाचे वादक यायचे होते, ते पोचलेच नाहीत. मग हुआन दे मार्कोस गोन्सालेस या क्युबन संगीतकाराने गावातली विस्मरणात गेलेली मंडळी गोळा केली. पियानोवाला रुबेन गोन्सालेस, ज्याचा घरचा पियानो वाळवीने खाल्ला होता. फेरर. १९०७ साली जन्मलेला कॉम्पाय सेगुन्दो. सहा दिवसांत ध्वनिमुद्रण झालं. हुआन दे मार्कोसचं नाव किती जणांना माहीत आहे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे.

फक्त एक भर घालते. कूडरलाही हे फुकट पडलं नाही. क्युबाशी व्यवहार केल्याबद्दल अमेरिकन सरकारने त्याला २५,००० डॉलर दंड केला. १९८८ साली कायदा बदलून पुस्तकं, रेकॉर्डी अशा वस्तूंना व्यापारबंदीतून सूट मिळाली होती, म्हणून तयार अल्बम अमेरिकेत विकता आला. तिथे जाऊन काम करणं ही मात्र वेगळी गोष्ट होती. म्हणजे रेकॉर्ड चालते, माणूस चालत नाही. फेररच्या व्हिसाची गोष्ट हीच आहे, फक्त उलट्या बाजूने.

‘मराठी वाचकाला याचं काय?’

काही नसलं तरी चाललं असतं. सगळंच आपल्याशी जोडून दाखवायची मला हौस नाही. पण विचारलंतच, तर पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, १९५० साली ‘समाधी’त ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ दिलं. त्याची चाल कार्मेन मिरांडाच्या १९४५ सालच्या एका हॉलिवूड गाण्यावरून घेतलेली. गंमत अशी की त्या मूळ गाण्यात नाव पोर्तो रिकोचं, गाणारी ब्राझीलची, आणि लिहिणारे-चाल लावणारे अमेरिकन. तुमची टोपली तेव्हाच तयार होती! ती तशीच उचलून मुंबईत आली. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात गोव्याच्या हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रंपेट वाजवायचा. हे सूर आपल्या कानांवर सत्तर-पंच्याहत्तर वर्षं पडताहेत. फक्त त्यांचं मूळ गाव कुठलं, हे आपण विचारलं नाही.

आणि माझं स्वतःचं कारण वेगळंच आहे. मी लहानपणी सात वर्षं तबला शिकले. काही वर्षांपूर्वी हौसेने कोंगाच्या, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच क्युबन ढोलाच्या, एका कार्यशाळेला गेले. शिकवणाऱ्याने दोन लाकडी दांड्या हातात दिल्या आणि म्हणाला, क्लावे वाजव. मी तबलजी, लगेच मात्रा मोजल्या. तीनतालाच्या सोळा मात्रा डोक्यात धरा आणि १, ४, ७, ११, १३ यांवर टाळी द्या. ही सोन क्लावे. (रुंबा क्लावेत तिसरी टाळी सातवर न पडता आठवर पडते. बाकी तेच. करून बघा, एका मात्रेने माणूस किती गडबडतो ते कळेल.) मला वाटलं, झालं, सोपं आहे. मग गाणं सुरू झालं आणि मी दर आवर्तनाला पहिल्या टाळीवर जोर देऊन मान हलवायला लागले. तो वाजवायचा थांबला. म्हणाला, तू समेची वाट बघतेस, इथे सम नाही, तू पोचायचं नाहीस कुठे. शिवाय ते गाणं दोन-तीनचं निघालं, म्हणजे दोन टाळ्यांचा भाग आधी आणि तीनांचा नंतर, आणि मी उलट्या अर्ध्यापासून सुरू केलं होतं. याला ते लोक ‘क्रूसादो’ म्हणतात, आडवं गेलेलं. अख्ख्या वर्गासमोर मी क्रूसादो झाले.

त्या दिवसापासून आजही कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावर चमच्याने क्लावे वाजवत असते. घरच्यांना सवय झाली आहे. पुरस्कारांच्या यादीकडे मी वळले ते यातूनच. कुठून ऐकायला सुरुवात करावी हे कळत नव्हतं, आणि ती यादी फुकट मिळाली. वाईट नकाशा होता, पण नकाशा होता.

तेव्हा तुमची मागणी पूर्ण करते, गाणी ऐकवते. काचाओचा १९९५चा ‘मास्टर सेशन्स’ लावा. मोठ्या स्पीकरवर, मोबाइलवर नको, बास ऐकू येणार नाही. ट्रंपेटकडे लक्ष देऊ नका, गायकाकडेही नाही. खाली बास काय करतो तेवढंच ऐका. तो पहिल्या ठोक्यावर यायचं टाळतो, जरा आधीच पुढच्या सुराला जाऊन बसतो आणि बाकीच्यांना ओढून घेतो. ते कानात बसलं की लगेच बुएना व्हिस्तातलं ‘चान चान’ लावा आणि पुन्हा फक्त बास. काका कुठे संपतो आणि पुतण्या कुठे सुरू होतो, ते मला प्रतिक्रियेत लिहा. बाचातावर वेगळा लेख लिहिण्याची तुमची सूचना मान्य आहे, त्याला वेळ लागेल. आणि ग्वांतानामोच्या मातीची गोष्ट मूळ लेखात का नव्हती, असं विचारू नका. तेव्हा मला ती माहीत होती, फक्त ती या यादीशी जोडायचं सुचलं नव्हतं. तुमच्या ‘त्याच त्या’ने सुचलं.